‘समुद्रफेन’ आणि ‘समुद्राचा फेस’ : अर्थनिर्णयाचा एक प्रश्न

१

मराठीत काही सामासिक शब्द असे आहेत की त्यांची फोड करता आली म्हणजे त्यांचा अर्थ कळला असे वाचकाला वाटते, आणि नेमकी तेथेच त्याची फसगत होते. ‘समुद्रफेन’ आणि त्याचे मराठीतील रूढ रूप ‘समुद्रफेस’ हा अशा शब्दांपैकी एक होय. समुद्र आणि फेन ही दोन्ही पदे परिचित आहेत. समास षष्ठी तत्पुरुष आहे. तेव्हा समुद्राच्या लाटांवर येणारा फेस हाच ह्या शब्दाचा अर्थ, हे उघड दिसते. परंतु एखाद्या वैद्याने ‘समुद्रफेस कुटून वस्त्रगाळ करावा’ असे लिहिले, तर हा अर्थ क्षणभरही टिकत नाही. फेस कुटता येत नाही आणि वस्त्राने गाळल्यावर तो उरतही नाही. वैद्याला अभिप्रेत असलेली वस्तू घन, पांढरी, हलकी आणि ठिसूळ आहे. माकूळ ह्या नावाने कोळी ज्याला ओळखतात, त्या शाई सोडणाऱ्या मृदुकाय सागरी प्राण्याच्या पाठीतील ते अंतःकवच होय.

एकाच शब्दाचे दोन अर्थ असणे ही भाषेत नवलाची गोष्ट नाही. येथे विचार करण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. हे दोन अर्थ कोशात एकाखाली एक दिले जातात. परंतु कोणत्या वाक्यात कोणता अर्थ घ्यावा ह्याचा निकष कोशात नसतो. मोनियर विल्यम्स यांच्या १८९९ च्या विस्तारित संस्कृत-इंग्रजी कोशात दोन्ही अर्थ येतात. लाटांवरील फेसासाठी ‘रघुवंशा’चा आणि हाडासारख्या वस्तूसाठी सुश्रुताचा हवाला तेथे आहे. हा हवाला योग्यच आहे. मात्र त्यामुळे वाचकाची अशी समजूत होण्याचा संभव असतो की काव्यात नेहमी फेस आणि वैद्यकात नेहमी हाड, असे विषयांचे वाटप केले की काम संपले. प्रत्यक्ष प्रयोग पाहता ही समजूत अपुरी ठरते. अर्थाचा निर्णय ग्रंथाच्या विषयापेक्षा वाक्याच्या रचनेवर, म्हणजे शब्दाचे वचन, त्याला जोडलेली क्रिया, त्याचे शेजारी आणि समासाची घट्ट किंवा सैल बांधणी ह्यांवर अधिक अवलंबून असतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

समुद्रापासून थोड्या अंतरावर उभे राहून पाहिले असता हा प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो. त्या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हे सोयीचे ठिकाण आहे. मुळशीच्या जलाशयापासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे साठ किलोमीटरांवर असला तरी मध्ये सह्याद्रीची भिंत आणि कोकणपट्टी आहे. अशा घाटमाथ्यावर फेस ही रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे, समुद्र मात्र नाही. तेथे ‘समुद्रफेस’ ह्या शब्दाचे काय होते, ह्याचा विचार चौथ्या भागात केला आहे. तत्पूर्वी संस्कृत परंपरेतील प्रयोग पाहणे आवश्यक आहे.

२

‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवीत आहे. सर्गाच्या आरंभीच कालिदासाने सेतूने दुभागलेल्या समुद्राला ‘फेनिल’ हे विशेषण लावले आहे आणि त्याची तुलना आकाशगंगेने दुभागलेल्या शरद ऋतूतील तारांकित आकाशाशी केली आहे. पुढे त्याच सर्गात ‘समुद्रफेन’ हा शब्द प्रत्यक्ष येतो. जलहस्ती एकाएकी पाण्यावर उसळतात, त्यांच्या धडकेने फेस दुभंगतो, आणि त्यांच्या गालांवरून सरकणारे फेसाचे पुंजके क्षणभर त्यांच्या कानांजवळच्या चवऱ्यांसारखे शोभतात, असे ते चित्र आहे. येथे शब्द बहुवचनात आहे, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. फेसाचे पुंजके अनेक आहेत. ते भिन्न होतात, सरकतात आणि क्षणभरच चामरत्व पावतात. कवीने काळाची मर्यादा क्षणाची ठेवली आहे, आणि ती मर्यादा फेसालाच लागू पडते. समास तोच असला तरी वचन, क्रिया आणि काळ ही तिन्ही अंगे लाटांवरील फेस हाच अर्थ पक्का करतात.

सुश्रुतसंहितेत ह्याच्या उलट स्थिती आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे लेखन, म्हणजे व्रण खरवडून काढणे, ह्यासाठी उपयोगी पडणाऱ्या वस्तूंची यादी येते. तीत वस्त्राचा तुकडा, कापसाचा बोळा, जवखार, सैंधव आणि खरखरीत पाने ह्यांच्या ओळीत नुसता ‘फेन’ हा शब्द आहे. समुद्राचे नावही तेथे नाही. तरीही अर्थाबद्दल शंका राहत नाही. कारण बुडबुड्यांच्या फेसाने काहीही खरवडता येत नाही. शेजारचे सर्व शब्द खरखरीत अथवा क्षारयुक्त द्रव्यांचे आहेत, आणि ‘फेन’ त्यांच्यापैकीच एक आहे. म्हणजे ‘समुद्र’ हे पूर्वपद असो वा नसो, अर्थ ठरतो तो सहचर शब्दांनी.

अमरकोशातील नोंद ह्या दृष्टीने फार बोलकी आहे. अमरसिंहाने तरंग, भोवरा, जलबिंदू इत्यादी पाण्याच्या अवस्था प्रथम कांडातील वारिवर्गात सांगितल्या आहेत. डिंडीर, अब्धिकफ आणि फेन हे तीन पर्याय मात्र तो द्वितीय कांडातील वैश्यवर्गात देतो. तेथे त्यांचे शेजारी गंधक, हरताळ, शिलाजित, शेंदूर, शिसे आणि कथील हे आहेत. वैश्यवर्ग म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार ह्यांच्या शब्दांचा वर्ग. कोशकाराने ‘फेन’ ज्या जागी ठेवला ती जागाच त्याची व्याख्या आहे. ती किनाऱ्यावर विरणाऱ्या फेसाची जागा नसून वाण्याच्या तराजूत पडणाऱ्या वस्तूची आहे. अमरकोश पाठ करताना पर्याय ध्यानात राहतात आणि वर्ग विसरला जातो. तसे झाले की ‘अब्धिकफ म्हणजे समुद्राचा फेस’ असा अर्धवट अर्थ हाती राहतो.

हा निकष पुराणकथेलाही लावून पाहता येतो. इंद्राने जलांच्या फेनाने नमुचीचे मस्तक उडविले, असा उल्लेख ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात आहे. ब्राह्मणग्रंथांत त्याची कथा विस्तारली आहे. दिवसा नाही आणि रात्री नाही, ओल्याने नाही आणि कोरड्याने नाही, अशी अट इंद्राने स्वीकारलेली होती. म्हणून पहाटेच्या संधिकाली फेन हे शस्त्र झाले. महाभारताच्या उद्योगपर्वात हीच युक्ती वृत्रवधाच्या कथेत येते. तेथे इंद्राला संध्यासमयी समुद्रात पर्वतप्राय फेन दिसतो आणि विष्णू त्या फेनात प्रवेश करतो. ऋग्वेदातील ‘जलांचा’ फेन महाभारतात ‘समुद्राचा’ झाला, हा फरक लक्षणीय आहे. परंतु कथेचा कणा तोच राहिला. फेन ओला म्हणावा तर हातात पाणी येत नाही, आणि कोरडा म्हणावा तर तो पाण्यापासून वेगळा करता येत नाही. ह्या अनिश्चित अवस्थेवरच सारी कथा उभी आहे. येथे कोणी वैद्यकातील अर्थ लावून माकुळाचे अंतःकवच घेतले, तर ती वस्तू निःसंशय कोरडी आहे. इंद्राची अट मोडते आणि कथेतील पेच नाहीसा होतो. सुश्रुताच्या वाक्यात फेस घेतला तर उपचार अशक्य होतो, आणि महाभारताच्या कथेत हाड घेतले तर कथा अशक्य होते. दोन्ही अर्थांच्या मर्यादा ह्या दोन दाखल्यांनी समोरासमोर स्पष्ट होतात.

३

फेसाचे नाव एका घन वस्तूला कसे मिळाले, ह्याचे उत्तर त्या वस्तूच्या रचनेत आहे. माकुळाचे अंतःकवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्यात अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असून त्यांना सूक्ष्म खांबांचा आधार असतो, आणि मधल्या पोकळ्यांत वायू व द्रव असतात. पोकळ्यांतील द्रवाचे प्रमाण कमीअधिक करून तो प्राणी पाण्यात वरखाली होऊ शकतो. प्राणी मेल्यावर हे कवच सुटे होते, पाण्यावर तरंगते आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागते. पांढरा रंग, भुसभुशीतपणा, हलकेपणा आणि लाटांच्या फुटण्याच्या रेषेवर सापडणे, ह्या चारही गोष्टी फेसाच्या आहेत. फेसच वाळून घट्ट झाला, असे पाहणाऱ्याला वाटले असल्यास त्यात आश्चर्य नाही.

ही कल्पना केवळ संस्कृतातच आहे असेही नाही. अरबी वैद्यकात ह्याच द्रव्याला ‘झबद अल्-बहर’, म्हणजे समुद्राचा फेस, असे नाव आहे. फारसीत आणि तेथून युनानी वैद्यकात ‘कफे दर्या’ हे नाव रूढ झाले. फारसी ‘कफ’ म्हणजे फेस. अवेस्तातील ‘कफ’ हा शब्दही फेसवाचकच आहे, आणि संस्कृत ‘कफ’ त्याच कुळातला मानला जातो. तेव्हा अमरकोशातील ‘अब्धिकफ’ ह्या पदाचा अर्थ ‘समुद्राची थुंकी’ असा करण्यापूर्वी, कफ ह्या शब्दाला फेसाचा जुना अर्थ असावा ही शक्यता अभ्यासकाने ध्यानात घेतली पाहिजे. जर्मन भाषेत ‘मेर्शाउम’, म्हणजे समुद्रफेन, हे नाव एका पांढऱ्या, हलक्या खनिजाला मिळाले. त्याच्या धूम्रपानाच्या नळ्या युरोपात प्रसिद्ध होत्या. १८४७ मध्ये ग्लोकर ह्या खनिजशास्त्रज्ञाने त्याला ‘सेपिओलाइट’ असे शास्त्रीय नाव दिले. त्या खनिजाचे माकुळाच्या कवचाशी साम्य आहे, आणि ‘सेपिया’ हे त्या प्राण्याचे शास्त्रीय नाव, हे त्यामागचे कारण. समुद्रफेन आणि माकूळ ह्यांची गाठ अशा प्रकारे एका तिसऱ्याच पदार्थाच्या नावात पुन्हा पडली.

मात्र ‘फेन’ हे उत्तरपद दिसले की तेथे फेसच शोधावा, असेही नाही. ‘अहिफेन’ हा शब्द ह्या बाबतीत सावध करणारा आहे. सापाचा फेस असा त्याचा अर्थ केला जातो. परंतु वस्तू आहे अफू, आणि शब्द आहे अरबी ‘अफयून’चे संस्कृत रूपांतर. अरबी शब्दही ग्रीकातून आला आहे. परक्या शब्दाला ओळखीचा चेहरा देण्याच्या ह्या प्रयत्नात ‘फेन’ हे पद केवळ ध्वनिसाम्याने आले. समुद्रफेनात रूपक खरे आहे, अहिफेनात ते आभासरूप आहे. दोन्ही शब्द वैद्यकाच्या एकाच कपाटात असल्यामुळे ह्या दोहोंतील भेद दृष्टिआड होण्याचा संभव अधिक.

४

आता मराठीकडे वळावे. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी ‘न’ मराठीत सामान्यतः ‘ण’ होतो. त्या नियमाने ‘फेन’ ह्याचे रूप ‘फेण’ असे अपेक्षित आहे, आणि ते ‘फेणी’ ह्या पदार्थनामात दिसतेही. सुतरफेणीतील सुटे, पांढरे, हलके पदर पाहिले म्हणजे नावाचे औचित्य पटते. ‘फेस’ हे रूप मात्र ह्या नियमाने सरळ सिद्ध होत नाही. तेव्हा ‘फेस हा फेन ह्याचा अपभ्रंश’ एवढे विधान करून थांबणे ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने पुरेसे नाही. हे दोन शब्द अर्थाने जवळचे आहेत. रूपाने ते एकच आहेत असे गृहीत धरू नये.

अर्थानेही ते सर्वत्र एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘फेस’ हा घरगुती, शरीराशी आणि श्रमाशी निगडित शब्द आहे. दुधाला फेस येतो, रिठ्याला आणि साबणाला येतो, धावून दमलेल्या बैलाच्या तोंडाला येतो. ‘तोंडाला फेस येणे’ हा वाक्प्रचार अतिश्रमाचा वाचक आहे. ‘मोहरी फेसणे’ ह्या क्रियेत तर फेस हे साध्य आहे, आणि तिखटपणा हे त्याचे फळ. रिठ्याला संस्कृतात ‘फेनिल’ म्हणतात. परंतु मराठी घरात कोणी रिठ्याला ‘फेनिल’ म्हणत नाही, आणि मराठी कवी ‘फेनिल’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात रिठा नसतो. ‘फेन’ हा शब्द मराठीत आला तो काव्याच्या आणि वेदान्ताच्या मार्गाने. जल, तरंग, फेन आणि बुद्बुद ही पाण्याहून अभिन्न असल्याचा दृष्टांत ‘अष्टावक्रगीते’च्या दुसऱ्या प्रकरणात आहे. बौद्ध परंपरेत ‘संयुत्तनिकाया’तील फेणपिंडोपम सुत्तात गंगेवरून वाहत जाणारा फेसाचा गोळा हा रूपस्कंधाच्या निःसारतेचा दाखला आहे. ‘फेन’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती शुभ्रता आणि क्षणभंगुरता. ‘फेस’ म्हटले की येतो तो घाम, साबण आणि दूध.

मुळशीसारख्या प्रदेशात ह्या शब्दांचे वाटप कसे होते? तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या धारेवर आहे. ताम्हिणी घाटाचा रस्ता तेथून रायगड जिल्ह्यात उतरतो. पावसाचे मान येथे फार मोठे आहे. कड्यांवरून पडणारे ओढे, दगडांवर आपटणारे पाणी आणि त्यावरचा फेस ह्या गोष्टी चार महिने डोळ्यांसमोर असतात. शुद्ध पाण्यावर फेस टिकत नाही. कुजलेल्या पानापाचोळ्यातील सेंद्रिय द्रव्ये पाण्यात उतरलेली असतात, म्हणून तो टिकतो. समुद्रावरील फेसाचे कारणही तेच आहे. तेथे सूक्ष्म वनस्पतींतून आणि जीवांतून सुटलेली द्रव्ये लाटांनी घुसळली जातात. तेव्हा ओढ्याचा फेस आणि समुद्राचा फेस ह्यांत प्रकृतिभेद नाही. आणि मराठीही दोघांना एकच शब्द वापरते. ओढ्याचा फेस, नदीचा फेस, समुद्राचा फेस, अशी ही सरळ षष्ठीची रचना आहे.

‘समुद्रफेस’ हा जोडशब्द मात्र ह्या ओळीत बसत नाही. ‘ओढाफेस’ किंवा ‘नदीफेस’ असे शब्द मराठीत नाहीत. त्याचे खरे भाऊबंद दुसरीकडे आहेत. काष्ठौषधींच्या दुकानात ‘समुद्रफळ’ मिळते आणि ‘समुद्रशोक’ मिळतो. समुद्रफळ हे एका वृक्षाचे फळ, समुद्रशोक ही एक वेल. ‘समुद्राचे फळ’ किंवा ‘समुद्राचा शोक’ असा अर्थ लावून ती कोणी मागत नाही. समुद्रफेस ह्याच मालिकेतील आहे. घाटमाथ्यावर तो पोचतो तो पुडीतून, आणि कान वाहण्यावर किंवा अंजनात घालण्याचे द्रव्य म्हणून. समुद्र न पाहिलेल्या माणसालाही ही वस्तू हातात धरता येते. समुद्राचा फेस मात्र त्याला समुद्रावर गेल्याविना दिसत नाही. जोडशब्द आणि सुटी षष्ठी ह्यांत मराठीने अर्थाची अशी स्वच्छ वाटणी केली आहे: समास झाला की वस्तू, विभक्ती राहिली की फेस.

क्रियापदांकडे पाहिले असता ही वाटणी अधिक दृढ होते. समुद्राचा फेस येतो, उसळतो, पसरतो, बसतो, विरतो. ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत आणि फेस त्यांचा कर्ता आहे. समुद्रफेस आणावा, घासावा, कुटावा, उगाळावा, घालावा. ही क्रियापदे सकर्मक आहेत आणि समुद्रफेस त्यांचे कर्म आहे. एक आपोआप होतो, दुसऱ्याचे माणूस काही करतो. एवढी कसोटी लावली तरी बहुतेक वाक्यांत अर्थाचा निर्णय होऊ शकतो. संस्कृतात कालिदासाच्या बहुवचनाने जे काम केले, ते मराठीत विभक्तीने आणि क्रियापदाने केले आहे. कारण मराठीत ‘फेस’ हा समूहवाचक शब्द एकवचनातच वावरतो.

बोलभाषेतील ‘फेस’ ह्या शब्दाची कक्षा आजही वाढत आहे. अलीकडच्या वर्षांत आळंदी येथे इंद्रायणीच्या पात्रावर सांडपाण्यामुळे पांढऱ्या फेसाचे थर वारंवार दिसले आणि ‘फेसाळलेली इंद्रायणी’ हा प्रयोग वृत्तपत्रांतून रूढ झाला. तेथे शुभ्रता आहे, परंतु ती मलिनतेची खूण आहे. अशा ठिकाणी ‘फेन’ लिहिता येणार नाही. साबणाशी आणि रोगाशी नाते असलेला ‘फेस’ हा शब्दच तो अर्थ पेलू शकतो.

५

ह्या भेदाचे वाङ्मयीन महत्त्व पाहावयाचे असेल तर सावरकरांची १९०९ मध्ये ब्रायटन येथे रचलेली ‘सागरा, प्राण तळमळला’ ही कविता घ्यावी. आधुनिक मराठीत समुद्राच्या फेसाचा इतका अर्थपूर्ण उपयोग क्वचितच झाला असेल. कवितेच्या शेवटच्या कडव्याच्या आरंभी कवी समुद्रावर आरोप करतो की, फेनाच्या मिषाने तो हसत आहे. टीपाकार सामान्यतः ‘फेन म्हणजे फेस, मिष म्हणजे निमित्त’ एवढे सांगून पुढे जातात. शब्दार्थ म्हणून ह्यात चूक काही नाही; परंतु कवितेचा मर्मबिंदू त्यामुळे हातातून निसटतो.

हास्य शुभ्र असते हा संस्कृत कवींचा जुना संकेत आहे. राजशेखराने कविसमयांत त्याची नोंद केली आहे. त्यामुळे फेसाला हास्य म्हणणे हे परंपरेला परिचित होते. ‘मेघदूता’त कनखलाजवळची गंगा फेसाने जणू गौरीच्या भ्रुकुटीला हसते. तेथे कालिदासाने ‘इव’ हा शब्द योजला आहे. अलंकार उत्प्रेक्षेचा आहे. फेस हा फेसच राहतो आणि हास्याची केवळ संभावना केली जाते. गंगा खरोखर हसते की नाही हा प्रश्न मोकळा राहतो, आणि त्या मोकळेपणातच त्या श्लोकाचा विनोद आहे. सावरकरांनी ‘इव’ सोडून ‘मिष’ घेतला. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ज्याला कैतवापह्नुती म्हटले आहे, त्या अलंकाराची ही रचना आहे. तीत दिसणारी वस्तू हे सोंग ठरते आणि कवीने सांगितलेली वस्तू हे सत्य ठरते. म्हणजे येथे समुद्र हसल्यासारखा दिसत नाही. तो हसतच आहे, आणि फेस हे त्याने घेतलेले सोंग आहे. संभावनेची जागा आरोपाने घेतली आहे.

हा आरोप कवितेत कोठे येतो हेही पाहिले पाहिजे. त्याच्या लगेच आधी कवीने समुद्राला त्याच्या प्रिय सरितेच्या विरहाची शपथ घातली आहे. शपथेला उत्तर हवे होते. उत्तर आले ते फेसाचे, म्हणजे हास्याचे. त्यानंतर वचनभंगाचा प्रश्न येतो, आणि मग इंग्लंडच्या भूमीला भिऊन समुद्र असा वागतो की काय, अशी शंका येते. तेव्हा फेसाखाली हास्य आहे आणि हास्याखाली भय आहे. सोंगाचे दोन पदर आहेत. ‘मिष’ ह्या एका शब्दाने पहिला उघडला आणि पुढच्या प्रश्नाने दुसरा. अखेरीस जो अगस्ती येतो तो ह्या दृष्टीने अपरिहार्य ठरतो. ज्याने एका आचमनात समुद्र प्राशन केला त्याच्यापुढे ना फेस उरतो, ना हास्य, ना सोंग. फेनाचा उल्लेख केवळ निसर्गवर्णन म्हणून वाचला तर अगस्तीची धमकी एकाएकी आल्यासारखी वाटते. आरोप म्हणून वाचला तर तो त्या आरोपाचा न्याय्य शेवट होतो.

ह्याच ठिकाणी ‘फेन’ आणि ‘फेस’ ह्यांतील अंतर कसोटीला लागते. ‘मिष’ ह्या तत्सम पदाशी ‘फेस’ ह्या देशी वळणाच्या शब्दाचा समास कानाला रुचत नाही, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ‘फेस’ म्हणताच तोंडाला आलेला फेस आठवतो; मग समुद्र हसणारा न राहता दमलेला किंवा झटका आलेला दिसू लागतो. त्या समुद्राबद्दल कीव वाटेल, संताप वाटणार नाही. कवीला हवा होता तो निर्दय आणि प्रसन्न दिसणारा समुद्र. ती प्रसन्नता ‘फेन’ ह्या शब्दाच्या शुभ्र, अस्पर्श स्वभावातूनच येते. म्हणून ‘फेन म्हणजे फेस’ ही टीप जितकी खरी तितकीच अपुरी आहे. ती वस्तू सांगते, परंतु त्या वस्तूकडे पाहण्याची दृष्टी सांगत नाही.

६

ह्या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाण्याचा संभव आहे. शब्दाचा मूळ अर्थ समुद्रावरचा फेस हाच आहे, वैद्यकातील अर्थ मागाहून लक्षणेने आला. तेव्हा मूळ अर्थ प्रधान आणि दुसरा गौण मानावा, असे कोणी म्हणेल. रूपकाच्या उत्पत्तीपुरते हे म्हणणे खरे आहे. फेसाची कल्पना आधी असल्याशिवाय कवचाला ते नाव मिळाले नसते. परंतु उत्पत्तीचा क्रम आणि प्रयोगाचे प्राधान्य ह्या भिन्न गोष्टी आहेत. एकदा लक्षणा रूढ झाली की ती वाचकाच्या बुद्धीत अभिधेसारखीच काम करते. ‘कुशल’ म्हटल्यावर कुश तोडणारा कोणाला आठवत नाही. अमरसिंहाच्या काळीच ‘फेन’ वैश्यवर्गात जाऊन बसला होता. मराठीत ‘समुद्रफेस’ हा जोडशब्द वस्तूचेच नाव झाला आहे, आणि फेसासाठी भाषेने ‘समुद्राचा फेस’ ही स्वतंत्र रचना राखून ठेवली आहे. तेव्हा मराठी कोशात ‘समुद्रफेस’ ह्या नोंदीत माकुळाचे अंतःकवच हा अर्थ पहिला द्यावा आणि लाटांवरील फेस हा अर्थ संस्कृत काव्याच्या दाखल्यासह दुसरा द्यावा, हे प्रयोगाला धरून होईल. ‘समुद्रफेन’ ह्या तत्सम नोंदीत दोन्ही अर्थ समान मानाने द्यावेत आणि प्रत्येकाबरोबर वचन व क्रिया दाखविणारे एकेक उदाहरण असावे.

संपादकांनाही ह्यातून काही घेता येण्यासारखे आहे. जुन्या वैद्यकीय बाडांत ‘फेन’ हा नुसता शब्द आला असता त्याच्या शेजारची द्रव्ये पाहिल्याशिवाय त्याला ‘फेस’ अशी टीप देऊ नये. कथापुराणांत तो आला असता ओले आणि कोरडे ह्यांतील पेच कथेला आवश्यक आहे काय, हे पाहावे. काव्यात तो आला असता त्याच्याजवळ ‘इव’ आहे, ‘मिष’ आहे की काहीच नाही, ह्याची नोंद करावी. कारण फेस दिसतो, हसतो की सोंग घेतो, हे त्या लहानशा शब्दावर ठरते.

मुळशीच्या जलाशयाच्या बाबतीत एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुळा नदीचे पाणी स्वभावतः पूर्वेला भीमेकडे आणि तेथून कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जावयाचे. धरणाने अडविलेले पाणी मात्र वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला भिरा येथे उतरविले जाते आणि कुंडलिकेच्या वाटेने अरबी समुद्राला मिळते. उगम एकच असूनही पाणी कोणत्या समुद्राला जाईल हे त्याला दिलेल्या वाटेवर अवलंबून आहे. ‘फेन’ ह्या शब्दाचेही असेच आहे. त्याचा उगम सांगितल्याने तो कोठे पोचला हे कळत नाही; ते कळण्यासाठी ज्या वाक्यातून तो वाहत आला, ते वाक्य शेवटपर्यंत वाचावे लागते.